लीलावतीचे कर्ते भास्कराचार्य

अपूर्णांकांचा धडा आला की वर्गातला आवाज कमी होतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. पूर्ण संख्यांची बेरीज आणि वजाबाकी हसतखेळत करणारी मुले १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी लिहून मोकळी होतात. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, झाले काम! त्यांच्या ध्यानात येत नाही की २/५ ही संख्या अर्ध्याहून लहान आहे. म्हणजे ताटात अर्धी पोळी होती, आईने आणखी एक तृतीयांश वाढली, आणि पोळी वाढायच्या ऐवजी कमी झाली! अशी पोळी कोणत्या घरात मिळते?

पुढे बीजगणित सुरू झाले की अंकांच्या जागी अक्षरे येतात आणि भीती दुप्पट होते. आम्हालाही हे कधी जमले नाही, असे आईवडील घरी सांगतात, आणि मुलाला वाटते की गणित हे काही निवडक डोक्यांसाठीच आहे. तसे मुळीच नाही. सुमारे ९०० वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका विद्वानाने हेच अपूर्णांक आणि हेच बीजगणित भुंगे, कमळे, यात्रेकरू, घोडे आणि माकडे यांच्या गोष्टींतून शिकवले. त्या महापुरुषाचे नाव भास्कराचार्य. त्यांचे चरित्र आपल्या मुलांना ठाऊक असावे, आणि त्यांची काही उदाहरणे आईवडिलांनी मुलांबरोबर बसून सोडवावीत, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

जन्म आणि घराणे

जुन्या काळातील पुष्कळ थोर माणसांच्या जन्माविषयी नुसते तर्क करावे लागतात. भास्कराचार्यांचे तसे नाही. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी आपण सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे तो ग्रंथ ११५० मध्ये पुरा झाला. आपले गोत्र शांडिल्य, आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड, हेही त्यांनीच सांगितले आहे. वडिलांचे नाव महेश्वर. ते स्वतः ज्योतिषी आणि विद्वान होते, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. शाळा म्हणजे घर आणि गुरुजी म्हणजे वडील, अशी ती व्यवस्था होती.

हे घराणेच विद्येचे होते. त्यांच्या नातवाने कोरवून घेतलेल्या एका शिलालेखात पिढ्यांची नावे ओळीने दिली आहेत: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. (हे चांगदेव म्हणजे ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले योगी चांगदेव नव्हेत; नाव तेवढे सारखे.) बापाने मुलाला, मुलाने नातवाला, अशी विद्या हातोहात पुढे गेली. कोणाच्या हाती सोने येते, कोणाच्या हाती शेत येते; या घरात गणित आले.

मात्र सगळे आपणच शोधून काढले, असा आव भास्कराचार्यांनी कधी आणला नाही. त्यांच्या आधी ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले होते. श्रीधर आणि पद्मनाभ यांचीही बीजगणिते होती. त्या ग्रंथांचा विस्तार फार, म्हणून त्यांचे सार काढून विद्यार्थ्यांच्या हाती देतो, असा आपला हेतू भास्कराचार्यांनी मोकळेपणाने सांगितला आहे. चांगला शिक्षक हेच करतो. जे अवघड आणि विखुरलेले आहे ते गोळा करून, निवडून, समजेल अशा क्रमाने मांडतो.

लीलावती

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित आणि भूमिती, दुसऱ्यात अज्ञात संख्यांचे गणित, तिसऱ्या आणि चौथ्यात आकाशातील ग्रहांचे गणित. मराठी शाळांतून आजही आपण बीजगणित हा शब्द वापरतो. तो त्यांच्या ग्रंथाचे नाव आहे. अंश, छेद आणि समच्छेद हे शब्दही त्या काळच्या गणितात रुळलेले होते. अंकगणिताला तेव्हा पाटीगणित म्हणत, कारण ते पाटीवर करायचे. मुलांच्या हातात पुढे शेकडो वर्षे जी पाटी राहिली, तिचा शब्द इतका जुना आहे.

लीलावती या नावामागे एक कथा सांगतात. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत विवाहयोग नव्हता. वडिलांनी गणित करून एकच शुभ घटका शोधली आणि ती चुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र सोडले. त्या पात्राच्या तळाला बारीक छिद्र असते. पाणी आत शिरते, आणि पात्र बुडाले की घटका भरली. मुलगी कुतूहलाने वाकून पाहू लागली, तिच्या अलंकारातला एक मोती पात्रात पडला आणि छिद्र बंद झाले. पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त निघून गेला. दुःखी मुलीला वडिलांनी वचन दिले की तुझ्या नावाचा असा ग्रंथ लिहीन जो पुढे शेकडो वर्षे टिकेल.

कथा हृदयाला भिडणारी आहे. पण शिक्षकाने खरे तेच सांगावे. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथांत नाही. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी या कवीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. तेव्हा ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. एक गोष्ट मात्र ग्रंथातच आहे आणि ती खरी आहे. ग्रंथात अनेक ठिकाणी प्रश्न एका लहान मुलीला, हरिणीसारख्या डोळ्यांच्या बालिकेला उद्देशून विचारला आहे. कधी मित्राला, कधी व्यापाऱ्यालाही विचारला आहे. बाराव्या शतकातील गणिताच्या पुस्तकात मुलीला प्रश्न विचारावा, तिला उत्तर येईल अशी अपेक्षा करावी, ही लहान बाब नाही. मुलींना गणित काय करायचे, असे ज्या घरांत आजही म्हणतात, त्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

कृपण माणसाचे दान

आता काही उदाहरणे पाहू. मूळ ग्रंथ संस्कृत श्लोकांत आहे; मी फक्त आकडे आणि आशय माझ्या शब्दांत सांगतो.

ग्रंथाच्या सुरुवातीला नाण्यांचे कोष्टक आहे. २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. एवढे लक्षात ठेवा. आता प्रश्न असा. एका भिकाऱ्याने एका श्रीमंताकडे भीक मागितली. त्या श्रीमंताने एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाचे तीन चतुर्थांश घेतले, त्याचा पाचवा भाग घेतला, त्याचा सोळावा भाग घेतला आणि त्याचा चौथा भाग भिकाऱ्याला दिला. तर किती कवड्या दिल्या?

वाचताना वाटते, केवढे मोठे दान असेल! भागाचा भाग म्हणजे गुणाकार. १/२ × २/३ × ३/४ केले की वरचे २ आणि ३ खालच्या २ आणि ३ शी कटतात आणि १/४ उरतो. त्याला १/५ ने गुणले, १/२० झाले. १/१६ ने गुणले, १/३२० झाले. १/४ ने गुणले, १/१२८० झाले. आता एका द्रम्मात कवड्या किती? २० × ४ × १६ = १२८०. म्हणजे त्या धनिकाने दिली फक्त एक कवडी! मुलगा गणित सोडवतो, शेवटी एक कवडी हाती येते आणि तो हसतो. त्या हसण्यात त्याला दोन गोष्टी कळतात: अपूर्णांकाचा अपूर्णांक घेतला की संख्या लहान होत जाते, आणि शब्दांचा डोलारा मोठा असला म्हणजे दान मोठे असतेच असे नाही.

कमळे आणि यात्रेकरू

दुसरे उदाहरण कमळांचे. एका भक्ताजवळ कमळांचा ढीग होता. त्यातील १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला आणि १/४ देवीला वाहिली. उरलेली ६ कमळे गुरूंच्या चरणी ठेवली. एकूण कमळे किती?

इथे भास्कराचार्य इष्टकर्म नावाची युक्ती देतात. उत्तर ठाऊक नाही ना? मग मनाला येईल ती एक सोयीची संख्या धरा. ३, ५, ६ आणि ४ या सर्वांनी भाग जाईल अशी संख्या ६० आहे. समजा कमळे ६० होती. मग शंकराला २०, विष्णूला १२, सूर्याला १०, देवीला १५. बेरीज ५७. उरली ३. पण खरी उरली ६, म्हणजे दुप्पट. तर एकूण कमळेही ६० च्या दुप्पट, म्हणजे १२०. ताळा पाहा: ४०, २४, २० आणि ३० मिळून ११४, त्यात ६ मिळवले की १२०. बरोबर.

ज्या मुलाला समच्छेद करताना घाम फुटतो, त्याला ही रीत द्यावी. चुकीचे उत्तर धरायला घाबरायचे नाही. ते चुकीचे किती पटींनी आहे ते पाहून खरे उत्तर गाठायचे. वर्गात चूक झाली की मान खाली घालणाऱ्या मुलांना यातून मोठा धीर मिळतो. चुकीच्या उत्तराचाही उपयोग होतो, असे जे गणित शिकवते ते मुलाचे शत्रू कसे असेल?

तिसरे उदाहरण यात्रेकरूचे, आणि मुले हमखास चुकतात ते इथे. एक यात्रेकरू आपल्याजवळच्या पैशांपैकी अर्धे प्रयागला देतो. उरलेल्याचे २/९ काशीला खर्च करतो. उरलेल्याचा १/४ वाटेत जकातीपायी जातो. उरलेल्याचे ६/१० गयेला देतो. घरी परतताना त्याच्याजवळ ६३ निष्क शिल्लक असतात. निघताना किती होते?

कमळांच्या गणितात सगळे भाग मूळ ढिगाचे होते. इथे पहिल्यानंतरचा प्रत्येक भाग उरलेल्याचा आहे. घाईने वाचणारा मुलगा कमळांप्रमाणेच १/२, २/९, १/४ आणि ६/१० यांची बेरीज करू लागतो आणि ती एकाहून जास्त भरते. म्हणजे यात्रेकरूने होते त्याहून जास्त दिले! तिथेच मुलाने थांबले पाहिजे. उत्तर आले, पण ते शक्य आहे का, हे विचारायची सवय म्हणजे गणिताची अर्धी विद्या.

बरोबर रीत अशी. प्रत्येक ठिकाणी गेले किती ते पाहण्याऐवजी उरले किती ते पाहा. प्रयागनंतर उरला १/२. काशीनंतर त्याचे ७/९. जकातीनंतर त्याचे ३/४. गयेनंतर त्याचे ४/१०. चौघांचा गुणाकार केला की ७/६० येतो. म्हणजे मूळ रकमेचे ७/६० हे ६३ निष्क. ६३ ला ७ ने भागले तर ९, आणि ९ ला ६० ने गुणले तर ५४०. यात्रेकरू ५४० निष्क घेऊन निघाला होता. ताळा घ्या: प्रयागला २७० गेले, उरले २७०. काशीला ६०, उरले २१०. जकात साडेबावन्न, उरले साडेएकशे सत्तावन्न. गयेला साडेचौऱ्याण्णव, उरले ६३.

या साडेबावन्नावरून एक आठवण द्यावीशी वाटते. जुन्या मराठी शाळांतून पूर्ण अंकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी असे अपूर्णांकांचेही पाढे पाठ करून घेत. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द आपल्या भाषेत असल्यामुळे अपूर्णांक हे तेव्हा बाजारातले आणि स्वयंपाकघरातले पाहुणे होते. आपल्या बेटावर मुले गणित इंग्रजीतून शिकतात, ते योग्यच आहे. पण घरी आजीने सव्वा आणि पाऊण हे शब्द बोलण्यात ठेवले, तर नातवाला अपूर्णांक परके वाटणार नाहीत.

भुंगे आणि घोडे

लीलावतीत भुंग्यांचेही एक गोड उदाहरण आहे. थव्यातील १/५ भुंगे एका फुलावर गेले, १/३ दुसऱ्या फुलावर गेले, आणि या दोन भागांतील फरकाच्या तिप्पट तिसऱ्या फुलाकडे गेले. एक भुंगा दोन सुगंधांच्या मध्ये हवेत घिरट्या घालत राहिला. थवा केवढा? १/३ वजा १/५ म्हणजे २/१५. त्याच्या तिप्पट ६/१५. पहिले दोन भाग ३/१५ आणि ५/१५. सगळे मिळून १४/१५. उरलेला १/१५ म्हणजे तो एकटा भुंगा. थवा १५ भुंग्यांचा.

इथवर पाटीगणित झाले. आता बीजगणिताकडे वळू. अज्ञात संख्येला आपण आज इंग्रजी अक्षर लावतो. भास्कराचार्यांच्या परंपरेत पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणत, म्हणजे जेवढे असेल तेवढे. थोडक्यात या एवढेच लिहीत. आणखी अज्ञाते असली तर त्यांना रंगांची नावे: कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा; आणि लिहिताना का, नी, पी. ऋण संख्येवर टिंब देत. अपूर्णांकात अंश वर आणि छेद खाली, पण मधली आडवी रेघ नसे. मुलांनो, अक्षर पाहून घाबरू नका. ते एका झाकलेल्या डब्याचे नाव आहे. आत किती आहे ते शोधायचे.

उदाहरण घोड्यांचे. एका माणसाजवळ ३०० नाणी आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याला १०० नाण्यांचे कर्ज आहे. सर्व घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची संपत्ती सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

घोड्याच्या किमतीला या म्हणा. पहिल्याची संपत्ती ६ या अधिक ३००. दुसऱ्याची १० या वजा १००. दोन्ही सारख्या. आता तराजूची दोन पारडी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही पारड्यांतून ६ घोडे काढले: एकीकडे ३०० उरले, दुसरीकडे ४ या वजा १००. दोन्हीकडे १०० टाकले: एकीकडे ४००, दुसरीकडे ४ या. म्हणून एक या म्हणजे १००. घोड्याची किंमत १०० नाणी. दोघांची संपत्ती ९०० आणि ९००. दोन्ही बाजूंना सारखेच करायचे, एवढाच नियम. बाजू बदलली की चिन्ह बदलते, असे मुले पाठ करतात. ते का बदलते, हे तराजू दाखवतो. ऋण संख्या म्हणजे काय हेही इथे वेगळे समजवावे लागत नाही. कर्ज कोणाला ठाऊक नाही?

आणखी एक उदाहरण माकडांचे आहे, ते भास्कराचार्यांच्या सावधपणासाठी सांगतो. एका कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. कळप केवढा? गणित दोन उत्तरे देते: ५० आणि ५. दोन्ही ताळ्याला बरोबर. पण ५ चा पाचवा भाग १, आणि १ मधून ३ वजा केले तर ऋण २. उणे माकडे कोणी पाहिली? म्हणून लोक हे उत्तर मान्य करत नाहीत, असे भास्कराचार्य सांगतात आणि ५० घेतात. आकडे जुळले तरी व्यवहाराला विचारल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही, हा धडा परीक्षेत आणि संसारात सारखाच उपयोगी आहे.

मोठेपण आणि मर्यादा

यावरून कोणी समजू नये की भास्कराचार्य केवळ मुलांचे गुरुजी होते. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पूर्ण वर्ग यावा, अशी सर्वांत लहान संख्या कोणती, हा प्रश्न त्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडवला. ते उत्तर २२,६१,५३,९८० आहे. हाच प्रश्न फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने १६५७ मध्ये युरोपातील विद्वानांपुढे टाकला. भास्कराचार्यांचे उत्तर त्यापूर्वी ५०० वर्षांचे. गोलाध्यायात त्यांनी पृथ्वी गोल आणि निराधार आहे असे मांडले. पृथ्वीला कोणी धरून ठेवले असेल तर त्या धरणाऱ्याला कोणी धरले, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता.

पण थोर माणसाची चूकही सांगावी, म्हणजे मुलांना थोरपण परके वाटत नाही. एखाद्या संख्येला शून्याने भागले तर येणाऱ्या राशीला त्यांनी खहर म्हटले. तिच्यात काही मिळवले वा काढले तरी ती बदलत नाही, असे सांगून तिची तुलना अनंत परमेश्वराशी केली. विचार फार खोल होता. परंतु एखाद्या संख्येला शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागले तर मूळ संख्या परत मिळते, असे त्यांनी धरले आणि त्यावर उदाहरणही दिले. आजचे गणित हे मान्य करत नाही; शून्याने भागाकार करूच नये, असे आपण शिकवतो. त्यांच्यासारख्यालाही शून्याने फसवले, तर आपल्या मुलाला फसवले म्हणून रागावू नये.

शिलालेख

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. ग्रहांची गणिते सोप्या रीतीने कशी करावी, हा त्याचा विषय. सत्तरीला टेकलेला माणूस अजूनही अवघड ते सोपे करण्याच्याच खटपटीत होता.

त्यांच्यानंतर मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी मानाला चढला. नातू चांगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांच्या नावाने मोठे देऊळ किंवा वाडा बांधला नाही. त्याने शाळा काढली. आजच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे स्थान आहे. तेथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ स्थापन केला. १२०७ च्या शिलालेखात याची नोंद आहे. मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी हा लेख शोधून १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मठ चालावा म्हणून बाजारातील विक्रीवर काय द्यायचे, प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे एक पळी तेल द्यायचे, असा तो हिशेब आहे. तेली आणि दुकानदार यांना कळावे म्हणून तेवढा मजकूर त्यांच्या बोलीत लिहिला. विचार करा, वाचकहो! घाण्यावर राबणाऱ्या तेल्याच्या एका पळी तेलावर बीजगणिताची शाळा चालत होती. विद्वानांनी विद्या दिली, आणि ती टिकवण्याचा खर्च साध्या माणसांनी थोडाथोडा उचलला. पूर्ण संख्या अशाच लहान अपूर्णांकांनी भरते.

तो मठ पुढे राहिला नाही. मात्र ग्रंथ राहिले. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज ज्या कोकणातून आले, त्या कोकणातील मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली आणि प्रत्येक नियमाचे कारण उलगडून दाखवले. फैजीने ती फारसीत नेली. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत आणले. भारताने १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिले. त्यात आपल्या भास्कराचार्यांचा आणि त्यांच्याआधी होऊन गेलेल्या त्याच नावाच्या दुसऱ्या गणितज्ञाचाही मान होता.

नातवाने दगडात कोरले ते तेथेच राहिले. आजोबांनी गोष्टीत गुंफले ते जगभर गेले. त्या विद्येचा वारसा कोणा एका घराचा नाही. जो मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बसेल, ती त्याची किंवा तिची.

शेवटी एक उदाहरण घरी सोडवण्यासाठी देतो. तेही भास्कराचार्यांच्या बीजगणितातलेच आहे. दोन मित्र होते. पहिला दुसऱ्याला म्हणाला की तू मला १०० दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणाला की तूच मला १० दे, म्हणजे माझ्याजवळ तुझ्या सहापट होतील. तर प्रत्येकाजवळ किती? रविवारी जेवणानंतर वही काढा, आईवडिलांनी शेजारी बसा, आणि आपल्याला येत नाही असे मुलांपुढे म्हणू नका. पहिल्याजवळ ४० आणि दुसऱ्याजवळ १७० आले, तर तुम्हीही त्या पाटणच्या शाळेचे विद्यार्थी झालात असे समजा.